झिपरू पहिलवान बेसावध सापडत नाही

योगेंद्र पाटलाचं मागणं तसं फार नव्हतं. तीन माणसांनी एकदा दचकावं, एवढंच.

त्यासाठी त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? केळीच्या बागेत पाच दरोडेखोर दडवले. विहिरीच्या तळाशी मगर सोडली. पडक्या किल्ल्याच्या छताला रिक्षाएवढा कोळी उलटा टांगला. आणि दर वेळी त्याच्याच सोफ्यावर बसून त्याचंच फरसाण खाणारे तीन म्हातारे, कोळी खाली उतरायच्या आधीच शांतपणे म्हणाले, "वर कोळी शे ना? मंग आमी बाहेरच बठतस."

हा सगळा मामला कागदावरचा होता हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सुरतेतल्या नवागामच्या त्या सोसायटीबद्दल उगाच गैरसमज व्हायचा. योगेंद्रचा मेहुणा नितीन पुण्याहून आला तेव्हा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे त्याच्याकडे विसरून गेला. खेळ असा, की एक जण गोष्ट रचतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी कुणावर वार केला की फासा टाकायचा. आकडा समोरच्याच्या 'बचावा'पेक्षा जास्त आला तर वार लागला, नाहीतर हुकला. अंगावर चिलखत असेल तर बचाव वाढतो. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं, असं योगेंद्र सगळ्यांना सांगायचा आणि मग पाऊण तास पुढचं समजावत बसायचा.

योगेंद्र उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, कापड तपासायचा. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि त्यातला डाग, गाठ, तुटका धागा पकडायचा, हे काम वीस वर्षं केल्यावर माणसाला कशातही खोट दिसते. त्याला पुस्तकातही दिसली. म्हणून मिलच्या तपासणी पॅडवर त्याने घरचे नियम लिहून काढले. त्यातले दोन त्याला फार प्रिय होते.

नियम चार: जो बेसावध सापडेल तो एक फेरी बोलणार नाही, हलणार नाही.

नियम सात: जो चिलखत घालत नाही त्याचा बचाव म्हणजे दहा, अधिक चपळाई, अधिक नजर. मात्र बेसावध सापडल्यास नुसता दहा.

नियम सात खास त्याच्या वडिलांसाठी होता. भाईदासनाना लिंबायतच्या लूमच्या खात्यात बत्तीस वर्षं माग चालवून घरी बसलेले. खेळात त्यांनी पात्र घेतलं ते झिपरू पहिलवान, अंगावर फक्त लंगोट. योगेंद्रने चिलखतांची यादी वाचून दाखवली तर म्हणाले, "कसाले पाहिजे? बत्तीस वरीस बनियनवर काम करं मी." आता चार चपळाई आणि तीन नजर धरून झिपरूचा बचाव झाला सतरा. त्यांचे खात्यातले जुने सोबती, परभणीचे आनंदा आणि अमरावतीकडचे बळीराम, लोखंडाने मढून बसले होते तरी पंधराच्या वर जाईनात. लंगोटवाल्याने लोखंडवाल्यांना मागे टाकावं ही गोष्ट तपासनीस माणसाला कशी सहन व्हावी? म्हणून ती शेवटची ओळ होती. नानांना एकदा बेसावध पकडायचं की झिपरू दहावर आला.

पण झिपरू बेसावध सापडेल तर शपथ.

पहिला संशय अर्थातच बायकोवर. सुषमाकडे खेळातलं राक्षसांचं खातं होतं. म्हणजे दरोडेखोरांचे, मगरींचे फासे ती टाकायची. त्यामुळे कोण कुठे दडलंय ते योगेंद्र तिला आधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कुजबुजत सांगायचा. तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, मग फुटतं कुठून? हे त्याने तिला विचारलं. पुढचे तीन दिवस घरात फक्त वाल-मुठिया झाले आणि तेही न बोलता वाढले गेले.

वरच्या मजल्यावरच्या धुरपदाबाईंना न बोलावता सल्ला द्यायची सवय होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची उजवी भुवई उडते. काही लपवायचं असलं की उडते. मागे पाण्याची मोटर बिघडवून तुम्ही नाही म्हणालात, तेव्हाच मी पाहिलं." योगेंद्रने आरशासमोर भुवई आवरायचा सराव केला. ती आवरेना. शेवटी रविवारी तो भुवईवर मलमपट्टीची चिकटपट्टी लावून बसला. आनंदा म्हणाले, "काय लागलं रे बाबा?" बळीराम म्हणाले, "काही नाही लागलं. त्या झाडामागं भूत हाय, ते लपवून राह्यला." भूत खरोखरच त्या झाडामागे होतं.

त्या दिवशी नानांनी निकाल दिला. "दखजो योगेंद्र. तुनी गोष्ट आमले पहिलेच समजस. आखो दोन रविवार देतस. दचकाडं तं बरं, नही तं मास्तर बळीराम."

बळीरामांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांच्या पुतण्याचं मोर्शीतलं लग्न. ती त्यांनी खेळाबाहेर सगळ्यांना चार वेळा सांगितली होती. त्यांच्या हाती मास्तरकी जाणार, आपण रचलेलं राज्य, नकाशे, सत्तावीस नियमांचं पॅड सगळं बासनात जाणार, या विचाराने योगेंद्रला जेवण जाईना. मिलमध्ये सगळे त्याला दोष काढणारा म्हणून ओळखत. हा एकच खेळ असा होता ज्यात तो काहीतरी घडवत होता. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सुषमाला ते माहीत होतं आणि म्हणून ती फितुरीचा आरोप विसरली.

"घर लहान पडतं," ती म्हणाली. "सोसायटीचा हॉल घ्या. ते एका टोकाला, आपण एका टोकाला. तिथून काय ऐकू जाणार?"

हॉल मिळायला अर्ज लागतो. सेक्रेटरी ठाकोरभाईंनी छापील फॉर्म पुढे सरकवला. त्यात कारणाचे तीनच चौकोन होते. लग्न, सभा आणि बेसणुं. लग्नाला पोलिसांचा आणि मंडपवाल्याचा कागद. सभेला सात सभासदांच्या सह्या आणि अकरा दिवसांची पूर्वसूचना. योगेंद्रने खेळ समजावून सांगायला सुरुवात केली. पहिलवान, बचाव, लंगोट इथपर्यंत ठाकोरभाईंनी ऐकलं, मग चष्मा काढून म्हणाले, "योगेंद्रभाई, आ बधुं फॉर्ममां क्यां लखवुं? बेहणामां टिक मारी दो ने. कोई नी पूछे."

सुरतेत बेसणुं म्हणजे माणूस गेल्यावर लोक पांढऱ्या कपड्यांत येऊन, फोटोला हात जोडून, थोडा वेळ गप्प बसून जातात ते. मरण पूर्वसूचना देत नाही, म्हणून त्याला सह्या लागत नाहीत. योगेंद्रला ही सोय फारच आवडली. नियमात बसवून नियम चुकवणं ही त्याच्या दृष्टीने कलाच होती. त्याने टिक मारली, सही केली, आणि घरी जाऊन एक नवा वाघ तयार केला.

रविवारी दुपारी चारला तो हॉलवर पोचला तर फलकावर गुजरातीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: बेसणुं, ४ ते ६, योगेंद्रभाई भाईदासभाई पाटील.

आता मुलगा बेसणुं ठेवतो म्हणजे गेलं कोण, हे लोकांनी आपापल्या हिशोबाने ठरवलं. सव्वाचारपर्यंत पस्तीस माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. दारात स्वतः भाईदासनाना उभे होते. त्यांची धोतर-टोपी मुळातच पांढरी, त्यामुळे ते घरचेच वाटत होते आणि होतेच. चार नंबरच्या इमारतीतला एक गृहस्थ त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "बहुत अच्छे आदमी थे." नाना म्हणाले, "हा, हा." दुसऱ्याने विचारलं, "आप कौन?" नाना पुन्हा म्हणाले, "हा, हा." गृहस्थाचे डोळे भरून आले.

टेबलावर झिपरू पहिलवानाचं चित्र तांब्याला टेकवून ठेवलेलं होतं. योगेंद्रने ते नानांकडे बघूनच काढलं होतं, मिशी तीच, बाकी लंगोट. लोकांनी ते पाहिलं, थोडे चमकले, पण मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडीबद्दल बोलू नये म्हणून हात जोडून फुलं वाहू लागले. ठाकोरभाईही पांढरे कपडे घालून आले. आपणच टिक मारायला सांगितली हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांनी हळूच वय विचारलं, "केटला वरहना हता?"

योगेंद्रची नजर चित्रावर होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. तो म्हणाला, "तिसरी पातळी." झिपरू खेळात तेवढीच चढला होता.

काय करावं ते त्याला सुचेना. जिवंत आहेत म्हणून सांगावं तर अर्ज खोटा ठरतो. मेले म्हणावं तर ते दारात उभे. तो भिंतीला टेकून उभा राहिला. हॉलमध्ये पस्तीस माणसं होती आणि पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि त्या शांततेत त्याला एक गोष्ट दिसली, जी घरच्या गोंगाटात कधीच दिसली नसती. नानाही एव्हाना दारातून आत आले होते. हॉलच्या तीन कोपऱ्यांत तीन म्हातारे बसले होते आणि गप्पा मारत होते. जोरात, रंगून, मधूनमधून हसू दाबत. फक्त आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते.

वीस वर्षांचा तपासनीस चटकन जागा झाला. तो सुषमाकडे वळला आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाला, "आता खिडकीतून वाघ येणार."

तीस फुटांवर नाना उठले, टेबलापाशी आले आणि फुलं बाजूला सारून त्यांनी नकाशावरची झिपरूची सोंगटी खिडकीपासून लांब सरकवली.

लोक गेल्यावर उलगडा झाला. लूमच्या खात्यात शंभर माग एकदम धडधडतात. तिथे ओरडून काही उपयोग नसतो. नवा माणूस महिन्याभरात समोरच्याचे ओठ वाचायला शिकतो, खात्याच्या या टोकाचा त्या टोकाच्याला धागा तुटला म्हणून सांगतो आणि मालकाला शिव्याही देतो.

"तठे कोनले आयकू येस?" नाना म्हणाले. "तोंड दखनं पडस."

"म्हणजे तुम्ही माझे बेत वाचत होतात!"

"तू समोर उभा ऱ्हाईसन बोलस. आमी काय डोळा मीटीसन बठानं का?"

यावर सत्तावीस नियमांत एकही नियम नव्हता. योगेंद्रने घरी येऊन पॅड दोनदा तपासलं.

उरला एक रविवार. नाना मेले नाहीत, हे ठाकोरभाईंना पटवण्यात आठवडा गेला. नानांना ऑफिसात उभं करूनही ते म्हणाले, "एम नी चाले, लेखी आपो." अखेर 'मी जिवंत आहे' असा नानांच्या सहीचा कागद दिल्यावर हॉल पुन्हा मिळाला. तेवढ्यात योगेंद्रने तोडगा शोधला होता. मिलच्या रंगखात्यात वास लागू नये म्हणून माणसं जाड मास्क लावतात. त्यातला एक तो घेऊन आला.

रविवारी मास्कच्या आड त्याने गोष्ट सुरू केली. सांजवेळ. तापीकाठची केळीची बाग. झिपरू पहिलवान पाणी प्यायला वाकला. मागच्या घडांतून बिबट्याने झेप घेतली. तिघांनी काहीच केलं नाही. कुणी मागे सरकलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. बेसावध! सुषमाने फासा टाकला. चौदा. सतरापुढे चौदा म्हणजे काहीच नाही, पण नियम सातप्रमाणे आता बचाव नुसता दहा. झिपरू कोसळला.

योगेंद्र खुर्चीवरून उठून नाचलाच. "दचकलात की नाही? नाना, बोला, दचकलात की नाही?"

नाना हसले. "हा, हा."

"झिपरू पडला, नाना!"

"हा. बरं शे, बरं शे."

"तुमचा पहिलवान मरायला टेकलाय!"

"चांगलं शे," नाना म्हणाले, आणि त्यांनी हसतच आनंदांकडे पाहिलं. तेही हसतच होते, आणि त्यांनाही काही कळलेलं नव्हतं.

सुषमाने फासा खाली ठेवला. "अहो, त्यांना तुमचं तोंड दिसत नाहीये."

"तोंड कशाला दिसायला पाहिजे? कान आहेत ना?"

तिने स्वतःच्या कानाला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"लग्न होऊन आले त्याच आठवड्यात कळलं. खात्यात बत्तीस वर्षं काढून कोणाचे कान राहतात? मी त्यांच्याशी समोर जाऊनच बोलते. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

योगेंद्रला माहीत नव्हतं. नाना माझं ऐकतच नाहीत, ही तक्रार त्याने गेली अठरा वर्षं मिलमध्ये, नातेवाइकांत, धुरपदाबाईंपाशी केली होती. तो बुटांची लेस बांधता बांधता बोलायचा. पेपराआडून बोलायचा. पाठ करून, दाराबाहेरून बोलायचा. आणि नाना म्हणायचे, हा, हा, बरं शे. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मास्क होता ते बरंच झालं, असं क्षणभर वाटून गेलं. मग त्याने तो काढला.

खुर्ची ओढून तो नानांच्या अगदी समोर बसला आणि सावकाश म्हणाला, "नाना, केळीतून बिबट्या आला. झिपरू पडला."

नानांचं हसू गेलं. "पडना? मन्हा झिपरू? कसा काय पडना?" त्यांनी टेबलावरचा मास्क पाहिला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "तोंड झाकीसन मारं का मन्हा पहिलवानले?"

योगेंद्रने पॅड ओढलं आणि तिथल्या तिथे लिहिलं. नियम अठ्ठावीस: तोंड झाकून केलेला हल्ला बाद.

म्हणजे बिबट्या बाद. झिपरू उठला, त्याने लंगोट झटकला. पण म्हणजे दचकवणंही बाद, आणि हा शेवटचा रविवार होता. हे पॅड लिहिणाऱ्याला कळत नव्हतं असं नाही. त्याने पेन्सिल, नकाशे आणि पॅड बळीरामांपुढे ठेवलं आणि स्वतः खेळाडूंच्या खुर्चीत जाऊन बसला. पात्र म्हणून एक साधा कापड तपासनीस घेतला. चिलखत नको म्हणाला.

बळीराम, आनंदा आणि नाना एकमेकांकडे बघून ओठ हलवत होते, बोटांनी काहीतरी खुणावत होते. योगेंद्र समोरच होता. त्याला एक अक्षर कळलं नाही.

"तर," बळीराम म्हणाले, "माह्या पुतण्याचं मोर्शीत लगन हाय."

योगेंद्रने सुस्कारा सोडला. मांडव झाला. बुंदी झाली. वरात रुसली, मामांची टोपी हरवली, ती बुंदीच्या कढईत सापडली. ही गोष्ट तो पाचव्यांदा ऐकत होता आणि पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. नवरदेव बोहल्यावर उभा राहिला. अंतरपाट धरला. तपासनिसाला नवरदेवाच्या अगदी पुढ्यात, अक्षता घेऊन उभं केलेलं होतं.

"अन् अंतरपाट निघाला," बळीराम शांतपणे म्हणाले, "तं नवरदेवाच्या जागी बिबट्या!"

त्याच क्षणी आनंदांनी टेबलावर दोन्ही हात आपटले आणि नानांनी त्याच्या कानाशी अशी डरकाळी फोडली की योगेंद्र प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट मागे गेला. धुरपदाबाई जिन्यावरून धावत आल्या. पुन्हा कुणी गेलं की काय, म्हणून ठाकोरभाईही आले.

"बेसावध!" सुषमा टाळी वाजवून ओरडली. "नियम चार! बोलायचं नाही, हलायचं नाही!"

योगेंद्र होता तसा, जमिनीवर, नसलेल्या अक्षतांची मूठ वळून राहिला. त्याला ओरडून सांगायचं होतं की अंतरपाट म्हणजे तोंड झाकणंच झालं, नियम अठ्ठावीसप्रमाणे हा हल्ला साफ बाद आहे. पण सांगणार कसा? नियम चार त्याचाच होता.

तिघांनी ती फेरी पुरवून पुरवून खेळली. आधी चहा मागवला. मग बळीरामांनी बिबट्याचा मुंडावळीसकट पोशाख सांगितला. सुषमा म्हणाली, "राहू द्या आरामात. हे गप्प आहेत, असं घरात पहिल्यांदाच होतंय." धुरपदाबाई खाली वाकून म्हणाल्या, "भुवई मात्र उडतेय हो."

नानांनी आपली खुर्ची उचलली, योगेंद्रच्या समोर आणून ठेवली आणि खाली वाकले. त्यांचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. ते काहीतरी म्हणाले. आवाज नव्हता, नुसते ओठ. योगेंद्र बघत राहिला. त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, लूमवर नव्या आलेल्या माणसाला सांगावं तसं. तिसऱ्यांदा ते त्याला दिसलं, एकेक अक्षर वेगळं.

दचकना का?

बोलायची मनाई होती. पण आवाज न काढता ओठ हलवणं याला बोलणं म्हणायचं का, यावर अजून नियम झालेला नव्हता. योगेंद्रने नानांकडे नीट तोंड केलं आणि ओठ हलवले.

"हा, नाना."

पंखा फिरत होता, ठाकोरभाई काय झालं म्हणून विचारत होते, धुरपदाबाई त्यांना सांगत होत्या. त्या सगळ्या गलक्यात नानांना ते स्वच्छ ऐकू गेलं.